गटिंग मशीनमधील घरगुती सुधारणा: दांडा, आधार आणि लोडसेल

ताणमापक, पुणे

बॅडमिंटनच्या रॅकेटचे गटिंग (जाळीचे गट, म्हणजे तारा ओढून भरणे) घरी करण्यासाठी हौशी मंडळी साधारणपणे जे स्वस्त मशीन घेतात, ते वजनाच्या दांड्यावर चालते, रॅकेटला दोनच ठिकाणी धरते आणि त्यासोबत फ्लाइंग क्लॅम्प (मशीनला न जोडलेले, गटांनाच धरणारे चिमटे) येतात. या मशीनला नावे ठेवण्याची प्रथा आहे. माझ्या मते त्याचे मूळ तत्त्व उत्तम आहे. उणीव आहे ती बांधणीत केलेल्या काटकसरीची, आणि ती उणीव थोडी हत्यारे, एखादा ओळखीचा लेथवाला आणि सबुरी यांच्या बळावर बरीचशी भरून काढता येते. अशा सुधारणांची चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढला आहे. नवीन मशीन कोणते घ्यावे, हा प्रश्न कृपया येथे आणू नये.

आधी तत्त्व सांगतो. दांड्यावरचे वजन, त्याचे आसापासूनचे अंतर आणि दांड्याचा स्वतःचा भार यांच्यामुळे जे आघूर्ण (फिरवणारा जोर) निर्माण होते, त्याला गट ओढणाऱ्या ड्रमच्या त्रिज्येने भागले की गटावरचा ताण मिळतो. ओढलेला गट हळूहळू सैलावतो, तसा दांडा आणखी किंचित खाली येतो आणि ओढ चालूच राहते. क्रँकच्या मशीनमध्ये ठरलेला ताण आला की ब्रेक लागतो आणि त्यानंतर गट जितका सैलावेल तितका ताण उतरतो. इलेक्ट्रॉनिक मशीनमध्ये मोटर आणि संवेदक लावून जी सलग ओढ मिळवली जाते, ती येथे गुरुत्वाकर्षण फुकट देते.

पहिली सुधारणा मोजपट्टीची. बहुतेक दांडे टेनिस आणि बॅडमिंटन अशा दोन्ही खेळांसाठी केलेले असल्यामुळे आपल्या उपयोगाचा २० ते ३० पौंडांचा टापू त्यांच्यावर फार दाटीवाटीने छापलेला असतो. समजा, ड्रमची त्रिज्या ३ सेंटिमीटर आहे आणि सरकते वजन ३ किलोचे आहे. वजन १ सेंटिमीटर सरकवले की ताण १ किलोने, म्हणजे २.२ पौंडांनी बदलतो. अर्धा पौंड साधायचा असेल तर वजन जेमतेम सव्वादोन मिलिमीटर हलवावे लागते, आणि पेच आवळताना ते तेवढे सहज हलून जाते. याच जागी दीड किलोचे वजन बसवले तर पट्टी दुप्पट पसरते. साध्या पोलादाचा ६० मिलिमीटर व्यासाचा गोल तुकडा घेऊन त्यात २० मिलिमीटरचे भोक पाडले, तर सुमारे ७६ मिलिमीटर लांबीला दीड किलो भरते. भोकाचे माप अर्थात आपापल्या दांड्याप्रमाणे घ्यावे.

वजन बदलले की छापील पट्टी निरुपयोगी ठरते आणि स्वतःची पट्टी आखावी लागते. मला तर हाच या सुधारणेचा खरा लाभ वाटतो. प्रवासी बॅगा मोजण्याचा डिजिटल हुक काटा घ्यावा आणि प्रथम तो काटाच तपासावा. किराणा दुकानदाराकडचे, वैधमापनशास्त्र विभागाचा शिक्का असलेले १० किलोचे लोखंडी वजन यासाठी फार सोयीचे पडते, कारण १० किलो म्हणजे २२.०५ पौंड, अगदी आपल्या टापूतला आकडा. त्यानंतर काटा मशीनच्या खांबाला अडकवून, गटाच्या तुकड्याने ग्रिपरशी (ड्रमवरच्या गट पकडणाऱ्या जबड्याशी) जोडून, दर दोन पौंडांवर दांड्यावर खूण करावी. दोन गोष्टी येथे ध्यानात घ्याव्यात. हे काटे आकडा स्थिर झाला की तो गोठवून ठेवतात, त्यामुळे प्रत्येक वाचनापूर्वी काटा मोकळा करावा लागतो. शिवाय जाडसर गटाने तपासणी केली तर ड्रमची परिणामी त्रिज्या बदलते: ०.७० मिलिमीटरच्या गटाचा मध्य ड्रमच्या पृष्ठभागापासून ०.३५ मिलिमीटर दूर असतो, आणि ३ सेंटिमीटरच्या त्रिज्येवर तो फरक एका टक्क्याहून जास्त भरतो. ज्या जातीचा गट नेहमी वापरता, त्यानेच पट्टी आखावी.

दुसरी सुधारणा दांड्याच्या पातळीची. तो आडव्या रेषेपासून ५ अंशांनी चुकला तर ताण ०.४ टक्क्यांनी कमी पडतो, १० अंशांवर दीड टक्का आणि १५ अंशांवर जवळजवळ साडेतीन टक्के. २४ पौंडांच्या ओढीत १० अंशांची चूक म्हणजे एक तृतीयांश पौंडाहून थोडी जास्त. याचा अर्थ, दोनतीन अंशांसाठी जीव टाकण्याचे कारण नाही. परंतु नुसत्या नजरेवर १५ अंशांची चूक सहज होते. दांड्यावर एक लहान पाणसळ चिकटवावी. मात्र आखणीपूर्वी चिकटवावी, कारण तिचेही वजन असते.

रॅकेटचे आधार आणि क्लॅम्प यांविषयी जाणकारांनी लिहावे.

उद्यमनगरी, कोल्हापूर

मांडणी आवडली. माझा व्यवसायच लेथचा असल्यामुळे ग्रिपरच्या रॅचेटविषयी (एकाच दिशेला फिरू देणाऱ्या दातेरी चाकाविषयी) लिहितो.

स्वस्त मशीनमध्ये दांडा आडवा आणण्यासाठी तो पुन्हा वर उचलून रॅचेटच्या पुढच्या दातावर घ्यावा लागतो. दात मोजके असल्यामुळे एका दातावर दांडा आडव्याच्या वर राहतो आणि पुढच्या दातावर खाली जातो. मधली जागा मिळतच नाही. काही जण येथे सायकलचे फ्रीव्हील बसवतात. ते स्वस्त आहे आणि चालतेही, पण त्यातही दातच असल्याने अडचण कमी होते, संपत नाही. यावरचा योग्य उपाय म्हणजे वन-वे बेअरिंग. त्यात दातांऐवजी उतरत्या खाचांमधले रोलर शाफ्टला पकडतात, त्यामुळे दांडा हव्या त्या कोनातून पुन्हा उचलता येतो.

या कामासाठी एचएफ २०१६ हा आकार सोयीचा आहे: आतून २० मिलिमीटर, बाहेरून २६, रुंदी १६. ताकदीची चिंता करू नये, कारण ३० पौंडांची ओढ ३ सेंटिमीटर त्रिज्येवर घेतली तर आघूर्ण ४ न्यूटन-मीटरच्या आसपास येते, आणि या बेअरिंगला ते काहीच नाही. चिंता करायची ती शाफ्टची. रोलर थेट शाफ्टवर चालतात, म्हणून शाफ्ट कठीण केलेला आणि ग्राइंड केलेला असला पाहिजे. साध्या एमएसच्या (मऊ पोलादाच्या) शाफ्टवर थोड्याच वापरात रोलरांचे चरे पडतात आणि नेमकी ओढ चालू असताना बेअरिंग घसरू लागते. सीएनसी यंत्रांच्या सरकपट्ट्यांसाठी जो तयार २० मिलिमीटरचा कठीण शाफ्ट मिळतो, त्याचा तुकडा घ्यावा. तो हॅक्सॉने कापला जात नाही. कटिंग व्हीलच लागते.

आणखी एक सूचना. या बेअरिंगचे कवच पातळ पत्र्याचे असते आणि ते ज्या घरात (बेअरिंग बसवण्याच्या भोकात) बसवले जाते त्या घराचाच आकार घेते. घराचे भोक अंडाकृती असेल तर बेअरिंगही अंडाकृती होते. हे घर हातड्रिलने पाडू नये. लेथवर बोअर करून घ्यावे आणि बेअरिंग हातोड्याने न ठोकता व्हाइसमध्ये धरून सरळ दाबून बसवावे. अॅल्युमिनियमच्या घरासाठी पोलादापेक्षा थोडी अधिक घट्ट बैठक ठेवावी लागते.

नेटजवळ, नाशिक

मी मुलांना शिकवते आणि आमच्या चमूतल्या बहुतेक रॅकेट मीच गटिंग करते, म्हणून हे सगळे रस घेऊन वाचले. परंतु अर्ध्या पौंडाच्या अचूकतेपेक्षा मला महत्त्वाचा वाटतो तो रॅकेटचा आधार, आणि त्याच्याकडे स्वस्त मशीनचे निर्माते सर्वांत कमी लक्ष देतात.

हिशेब करून पाहावा. बॅडमिंटनच्या रॅकेटमध्ये २२ उभे गट असतात. प्रत्येक २५ पौंडांवर ओढला तर उभ्या दिशेने एकूण ५५० पौंड, म्हणजे जवळजवळ २५० किलोंची ओढ होते, आणि जोपर्यंत आडवे गट भरले जात नाहीत तोपर्यंत तिला तोलणारे दुसरे काहीही नसते. डोके (फ्रेमचे वरचे टोक) आणि घसा (मुठीकडचे टोक) एकमेकांकडे ओढले जातात आणि फ्रेम दोन्ही बाजूंना फुगते. आडवे गट भरू लागले की बाजू पुन्हा आत येतात आणि शेवटी आकार जवळजवळ पूर्ववत होतो. म्हणजे पूर्ण गटिंग झालेली रॅकेट जो भार निर्धास्तपणे पेलते, त्यातला निम्मा भार ती मशीनवर एकाच दिशेने, अगदी वाईट पद्धतीने सोसत असते. रॅकेट मशीनवर मोडते ती बहुधा याच टप्प्यावर, किंवा आडवे गट अर्धवट असताना.

दोन आधारांच्या मशीनवर हा सगळा भार डोक्याच्या आणि घशाच्या आधारांवर, तोही अगदी चिमूटभर जागेत येतो. मी दोन सुधारणा करून घेतल्या आहेत. डोक्याकडचा आधार रुंद केला, म्हणजे एका बिंदूऐवजी तो फ्रेमच्या आतल्या बाजूला बऱ्याच लांबीवर टेकतो. आणि रॅकेट ज्यावर धरली जाते त्या फिरत्या पाट्यावर चार बाजूंचे हात बसवले. घड्याळाच्या भाषेत सांगायचे तर दहा, दोन, चार आणि आठ या ठिकाणी. हातांच्या टोकाला नायलॉनचे तुकडे आहेत आणि ते फ्रेमच्या बाहेरून टेकतात. येथे एक पथ्य फार महत्त्वाचे आहे: हात फ्रेमला नुसते लागले पाहिजेत, दाबले जाता कामा नयेत. सुरुवातीलाच दाबले तर फ्रेम लांबट होते आणि ताण येण्याआधीच तिच्यात वाकवण्याचा भार निर्माण होतो. कागदाचा तुकडा हात आणि फ्रेम यांच्यामध्ये जेमतेम सरकेल इतकी जागा ठेवावी.

हे हात लावल्यापासून गटिंगपूर्वी आणि नंतर फ्रेमची रुंदी व्हर्निअरने मोजली तर फरक नगण्य येतो. माझ्या दृष्टीने मशीन चांगले की वाईट याची हीच कसोटी आहे.

ताणमापक, पुणे

ताई, तुमचा मुद्दा पूर्ण मान्य आहे. फक्त एक पुस्ती जोडतो. ते २५० किलो सगळेच्या सगळे आधारांवर येत नाहीत. फ्रेम स्वतः बराचसा भार घेते आणि आधारांना मिळतो तो उरलेला वाटा. पण तो वाटा किती, हे आधार किती ताठ आहेत त्यावर ठरते. आधाराचे खांब लवचीक असतील तर फ्रेम आकसते, खांबही तिच्याबरोबर आत झुकतात आणि आधार नावापुरता उरतो. खांबाच्या टोकाला डायल गेज (सूक्ष्म हालचाल दाखवणारे काट्याचे मापक) लावून उभे गट ओढताना काटा पाहावा. पातळ पत्र्याच्या खांबांचे झुकणे डोळ्यांनाही दिसते.

येथे एक सोपी युक्ती आहे. एका बाजूने पक्क्या धरलेल्या खांबाचे झुकणे त्याच्या उंचीच्या घनाप्रमाणे वाढते. उंची २० टक्क्यांनी कमी केली तर झुकणे जवळजवळ निम्म्यावर येते. पुष्कळ मशीनचे खांब क्लॅम्पसाठी लागणाऱ्या जागेपेक्षा उंच ठेवलेले असतात. फ्लाइंग क्लॅम्पच वापरायचे असतील तर रॅकेटखाली इतकी मोकळी जागा लागत नाही, तेव्हा खांब कापून बुटके करण्याने फुकटात ताठपणा मिळतो.

लोडसेलवाला, ठाणे

चर्चा उत्तम चालली आहे, पण दांड्याची एवढी डागडुजी करण्याऐवजी दांडाच काढून टाकावा असे माझे मत आहे. मशीनचा पाटा, खांब आणि आधार तसेच ठेवून ओढणारे डोके इलेक्ट्रॉनिक करणे आता घरी शक्य आहे. पिकोबेथ नावाचा एक मुक्त आराखडा गिटहब या संकेतस्थळावर उपलब्ध आहे. त्यात रास्पबेरी पाय पिको (छोटा नियंत्रक), लोडसेल (ताण मोजणारा संवेदक), एचएक्स ७११ (लोडसेलचा संकेत आकड्यात बदलणारी चिप), स्टेपर मोटर (ठरावीक पावलांनी फिरणारी) आणि बॉल स्क्रूची (गोळ्यांवर चालणाऱ्या स्क्रूची) तयार सरकपट्टी वापरून बॅडमिंटनसाठी असे डोके बनवले आहे. सुटे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तपकीर गल्लीत मिळतात. सरकपट्टी मात्र बहुधा ऑनलाइनच मागवावी लागते.

माझ्या जोडणीत १६ मिलिमीटर व्यासाचा, एका फेऱ्यात १० मिलिमीटर सरकणारा बॉल स्क्रू आहे. मोटरच्या एका फेऱ्यात २०० पावले असतात, म्हणजे एका पूर्ण पावलाला ०.०५ मिलिमीटर सरकणे, आणि बॅडमिंटनसाठी तेवढे सूक्ष्म नियंत्रण पुरते. लोडसेल २० किलोचा आहे. ३० पौंड म्हणजे १३.६ किलो, तेव्हा बॅडमिंटनला तो पुरतो. ६० पौंडांवर टेनिसचे गटिंग करायचे असेल तर २७ किलो होतात आणि त्यासाठी ५० किलोचा घ्यावा लागेल.

ज्या दोन जागी लोक अडतात, त्या सांगतो. एचएक्स ७११ सेकंदाला १० किंवा ८० वाचने देते आणि बाजारातली स्वस्त पाटी बहुधा १० वर बांधलेली असते. मोटर सेकंदाला २० मिलिमीटर वेगाने ओढत असेल, तर दोन वाचनांमध्ये ती २ मिलिमीटर पुढे गेलेली असते, आणि अपेक्षित ताण केव्हाच ओलांडला जातो. ८० वाचनांवर हेच अंतर पाव मिलिमीटर होते. त्यासाठी चिपची वेग ठरवणारी पिन जमिनीच्या जोडणीपासून सोडवून पुरवठ्याला जोडावी लागते. बारीक टोकाची सोल्डरिंग आयर्न आणि भिंग हाताशी असू द्यावे. दुसरे म्हणजे पिको ३.३ व्होल्टवर चालतो आणि त्याच्या पिनांना ५ व्होल्ट सहन होत नाहीत. म्हणून एचएक्स ७११ ला ३.३ व्होल्टच द्यावेत. उलट टीबी ६६०० या मोटर ड्रायव्हरच्या इनपुटला ५ व्होल्टची अपेक्षा असते, तेथे मध्ये ट्रान्झिस्टर किंवा व्होल्टेज बदलणारी छोटी पाटी टाकली की पावले चुकत नाहीत.

ओढ सुरू करायला मी शिलाई मशीनच्या मोटरचे पायाने दाबायचे पॅडल लावले आहे. दोन्ही हात गटावर मोकळे राहतात.

ताणमापक, पुणे

सुंदर काम आहे, पण "दांडाच काढून टाकावा" या वाक्याला माझा विरोध आहे. तुमचे इलेक्ट्रॉनिक डोके सलग ओढत नाही. ते मोजते, ताण ठरावीक मर्यादेपेक्षा खाली गेला की एक-दोन पावले पुढे सरकते आणि पुन्हा मोजते. ही मर्यादा फार लहान ठेवली तर मोटर सतत पुढेमागे करत राहते आणि मोठी ठेवली तर ताण तेवढा घसरू दिला जातो. दांड्याला अशी मर्यादा नाही. त्याच्या बेअरिंगचे घर्षण तेवढे असते. दुसरे म्हणजे तुमच्या आकड्याचा दर्जा लोडसेलच्या तपासणीवर अवलंबून आहे, आणि ती तपासणी शेवटी त्याच १० किलोच्या लोखंडी वजनाने करायची आहे. पडद्यावर पौंडाचा दहावा भाग दिसतो म्हणून तो खरा असतो असे नाही.

माझे म्हणणे क्रमाविषयी आहे. आधी मोजमाप, मग आधार, त्यानंतर क्लॅम्प, आणि या तिन्हींचे समाधान झाले तरच मोटर. मोटर सर्वांत आकर्षक असल्यामुळे लोक नेमके तेथूनच सुरू करतात आणि डळमळणाऱ्या खांबांवर दशांश पौंडांची ओढ लावत बसतात.

लोडसेलवाला, ठाणे

क्रम मान्य. तरीही वेगाचा मुद्दा उरतो. दर वेळी दांडा उचलणे, पाणसळ पाहणे, पुन्हा उचलणे यात जो वेळ जातो, त्यात गटावरची ओढ किती काळ राहिली हे प्रत्येक वेळी निराळे असते. नायलॉनचा गट ओढत ठेवला की ताणत राहतो, त्यामुळे तीन सेकंद ओढून क्लॅम्प केलेला आणि दहा सेकंद ओढून क्लॅम्प केलेला असे दोन गट, एकाच वजनावर ओढलेले असले तरी सारखे नसतात. माझ्या मशीनच्या ओढणाऱ्या डोक्यात ताण साधल्यानंतर ठरलेल्या सेकंदांनी भोंगा वाजतो. ही शिस्त मोटरची आहे, दांड्याची नाही.

उद्यमनगरी, कोल्हापूर

दांड्यालाही भोंगा लावता येतो. घड्याळ समोर ठेवा म्हणजे झाले.

मोटरवाल्यांना मात्र एक गंभीर सूचना करतो. नेमा २३ जातीच्या मोटरने नुसते १ न्यूटन-मीटर आघूर्ण दिले, तरी १० मिलिमीटरच्या बॉल स्क्रूवर ते साधारण ५७ किलोंची ओढ करते. लोडसेलची एक तार सुटली की नियंत्रकाला ताण शून्य दिसतो आणि तो ओढतच राहतो. गट तुटणे ही त्यातली सर्वांत किरकोळ हानी आहे. ग्रिपर आणि चौकट यांच्यामध्ये बोट असेल तर काय होईल याचा विचार करावा. सरकपट्टीच्या दोन्ही टोकांना मर्यादा-स्विच असलेच पाहिजेत. शिवाय मोटरचा वीजपुरवठा थेट तोडणारे लाल बटण हाताच्या अंतरावर हवे. हे बटण प्रोग्रॅमला विचारून थांबवणारे नको, तारच तोडणारे हवे. प्रोग्रॅममध्येही अमुक इतके मिलिमीटर सरकूनही ताण वाढला नाही तर थांबावे, अशी अट घालावी.

लोडसेलवाला, ठाणे

हे सगळे आहे, आणि तार सुटली तर थांबण्याची अटही आहे. पण आपण लिहिलेत हे बरे झाले. नुसता आराखडा पाहून बनवणारे बरेच जण टोकाचे स्विच नंतर लावू म्हणतात.

खाडीकाठ, रत्नागिरी

कोकणातल्या वापरकर्त्यांसाठी थोडे लिहितो. येथे पावसाळ्यात वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, त्यामुळे अर्ध्या गटिंगवर मोटर थांबली तर काय, हा प्रश्न मला नेहमी पडतो. बॉल स्क्रू उलटा फिरू शकतो. वीज गेली की मोटरची पकड सुटते आणि ओढलेला गट सैल होतो. जो गट क्लॅम्प झाला आहे त्याला धोका नाही, पण जो ओढीत आहे तो गेला. एका आट्याचा, बारीक पिचचा साधा चौकोनी आट्यांचा स्क्रू असेल तर तो स्वतःहून उलटा फिरत नाही, मात्र घर्षणामुळे त्याची हालचाल बॉल स्क्रूइतकी मऊ नसते. मी दांड्यावरच आहे आणि समाधानी आहे.

आमचा खरा शत्रू गंज. फिरत्या पाट्याखालचे बेअरिंग, खांबांचे पेच आणि क्लॅम्पचे जबडे हे तिन्ही जून ते सप्टेंबर दरम्यान गंज धरतात. पाट्याखाली मी ५११०५ हे थ्रस्ट बेअरिंग बसवले असून ते ग्रीसने भरून ठेवतो. पेच शक्य तेथे स्टेनलेस स्टीलचे केले. क्लॅम्पच्या जबड्यांना मात्र तेल किंवा ग्रीस लावणे साफ वर्ज्य आहे, कारण तेलकट जबडा गट धरत नाही. काम झाले की ते पुसून, सिलिका जेलच्या पुड्या टाकलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत. नायलॉन स्वतःही हवेतली ओल शोषतो, म्हणून गटाचे रीळही त्याच डब्यात ठेवतो.

शटलवेडा, पनवेल

माझे फ्लाइंग क्लॅम्प २५ पौंडांच्या पुढे घसरतात आणि पेच आणखी आवळला तर गटावर ओरखडे पडतात. जबड्यांना सॅंडपेपर चिकटवण्याचा सल्ला एकाने दिला आहे. तो योग्य आहे का?

नेटजवळ, नाशिक

सॅंडपेपर अजिबात चिकटवू नका. त्याचे कण गटाच्या वेष्टनात घुसतात आणि गट नेमका तेथेच तुटतो. शिवाय कागदाच्या जाडीमुळे जबडे समांतर राहत नाहीत.

घसरण्याचे पहिले कारण बहुतेक वेळा मळ असते. प्रत्येक गटावर कारखान्यातला थोडा मेणचट लेप असतो आणि तो जबड्यांच्या बारीक नक्षीत साचतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून जुन्या टूथब्रशने जबडे घासा, वाळू द्या आणि मग पेच पहिल्यापासून लावा: क्लॅम्प बंद करताना किंचित जोर लागेल, पण मनगट वळवावे लागणार नाही, इतपत. गटाच्या जाडीप्रमाणे ही जुळवणी बदलते. ०.७० मिलिमीटरवर जुळवलेला क्लॅम्प ०.६१ मिलिमीटरच्या बारीक गटावर घसरणारच.

फ्लाइंग क्लॅम्पमध्ये दुसरेही एक कारण असते. तो आधीच्या गटाला धरून पुढच्या गटाची ओढ पेलतो, त्यामुळे स्वतः तिरपा होतो आणि प्रत्येक वेळी थोडा ताण गमावतो. बॅडमिंटनसाठी चार गट एकदम धरणारे लांब जबड्याचे क्लॅम्प मिळतात. ते कमी तिरपे होतात. पहिल्या दोन उभ्या गटांसाठी एक वेगळा स्टार्टिंग क्लॅम्प फ्रेमच्या बाहेरून लावला तर सुरुवातीची घसरण जवळजवळ संपते. पाट्याला पक्के बसणारे क्लॅम्प घरी बनवण्याचे प्रयत्न मी पाहिले आहेत. त्यांच्या सरकपट्ट्या आणि तळाची पकड समाधानकारक बनवणे अवघड असते, आणि तेवढ्या कष्टात ते विकतच घेतलेले बरे.

थ्रीडीकार, छत्रपती संभाजीनगर

आधाराचे तुकडे थ्रीडी प्रिंट करणाऱ्यांसाठी छोटी सूचना. पीएलए हे प्लॅस्टिक सुरुवातीला ताठ वाटते, पण सततच्या भाराखाली हळूहळू बसत जाते आणि ६० अंशांच्या आसपास मऊच पडते. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात बंद गाडीत ठेवलेला आधार दुसऱ्या दिवशी वाकडा मिळण्याची पूर्ण शक्यता असते. पीईटीजी हे दुसरे प्लॅस्टिक त्याहून बरे, आणि भार घेणाऱ्या जागी डेलरीन (एक कठीण प्लॅस्टिक) किंवा नायलॉनचा कापलेला तुकडा सर्वांत उत्तम. प्रिंट करायचेच असेल तर थरांची दिशा अशी ठेवावी की भार थरांना एकमेकांपासून सोलणार नाही, दाबेल. मी तर प्रिंट केलेला भाग नुसता साचा म्हणून वापरतो: फ्रेमच्या वळणाला तो बरोबर बसतो का ते पाहायचे आणि मग तेच माप डेलरीनमध्ये कापून घ्यायचे.

खाडीकाठ, रत्नागिरी

कोणी लिहिले नाही म्हणून सांगतो: टेबलावर ठेवायचे हलके मशीन दांडा सोडताना थरथरते आणि पुढे सरकते. तळाखाली कडप्प्याची फरशी आणि तिच्याखाली रबराची चटई ठेवली की ते जागचे हलत नाही. फरशीला भोके पाडून मशीन बोल्टने आवळले तर आणखी उत्तम.

ताणमापक, पुणे

हे मीही करून घेणार आहे. फक्त फरशी बसवल्यावर मशीन पुन्हा पाणसळीत आहे का ते पाहावे. दांड्याची पाणसळ खऱ्या आडव्या रेषेशी जुळते, मशीनच्या तळाशी नाही, त्यामुळे ताणाला बाधा येणार नाही; पण पाटा कललेला असेल तर रॅकेट आपोआप एका बाजूला फिरत राहते आणि काम त्रासदायक होते.

शटलवेडा, पनवेल

ताईंनी सांगितल्याप्रमाणे जबडे घासले. बराच फरक आहे, आभारी आहे. आता बाजूचे हात बनवण्याचा विचार आहे. माझ्याकडे ५ मिलिमीटर जाडीची आणि २५ मिलिमीटर रुंदीची अॅल्युमिनियमची सपाट पट्टी पडून आहे. ती चालेल का, की लोखंडाचीच घ्यावी?

उद्यमनगरी, कोल्हापूर

सपाट पट्टी आडवी टाकली तर चालणार नाही. भार ज्या दिशेने येतो त्या दिशेची जाडी महत्त्वाची असते आणि ताठपणा त्या जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. तीच पट्टी कडेवर उभी बसवली, म्हणजे २५ मिलिमीटरची बाजू भाराच्या दिशेला आली, तर ती पाचपट जाड होते आणि १२५ पट ताठ; पण आडव्या पट्टीच्या पाचव्या हिश्श्याइतकीच रुंदी उरत असल्याने प्रत्यक्ष लाभ २५ पटींचा. पोलाद अॅल्युमिनियमच्या सुमारे तिप्पट ताठ असते, म्हणजे धातू बदलण्यापेक्षा पट्टीची दिशा बदलण्याने कितीतरी जास्त मिळते.

त्यापेक्षा ४० बाय ४० चा, ५ मिलिमीटर जाडीचा अॅल्युमिनियम अँगल घ्या. भंगारवाल्याकडे खिडक्यांच्या कामातले तुकडे मिळाले तर ते पातळ असतात, ते घेऊ नका. अँगलची एक बाजू पाट्यावर दोन एम ८ (८ मिलिमीटरच्या) बोल्टांनी आवळा, कारण एकच बोल्ट लावला तर अँगल त्यावर फिरतो. दुसऱ्या उभ्या बाजूला फ्रेमच्या उंचीवर एम ८ चा आटा पाडून त्यातून नायलॉनच्या टोकाचा बोल्ट घाला आणि मागून चेकनट लावा. पाट्यावरची भोके गोल न ठेवता ९ मिलिमीटर रुंदीच्या लांबट खाचा करा, कारण रॅकेटच्या डोक्याचे आकार सारखे नसतात आणि दर वेळी हात पुढेमागे करावे लागतात.